नेढ्याशी थांबलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना, वाकलेला आकडा आहे. गणितातला नव्हे हं, तारेचा. शिलाई मशीनच्या सुईशेजारी, एका पांढऱ्या झाकणाच्या आड माझे घर आहे. मी केसापेक्षा जेमतेम जाड. मला पाहायचे तर मान वाकडी करून मशीनच्या डोक्याखाली बघावे लागेल, आणि एवढे करूनही मी दिसेनच असे नाही. पण लहान आहे म्हणून मला कमी लेखू नका. जे काम करताना भल्याभल्यांची मान मोडून येते, डोळ्यांना पाणी येते आणि तोंडून नको ते शब्द बाहेर पडतात, ते सुई ओवण्याचे काम मी एका दमात करत असे.

कसे, ते सांगतो. शेजारची दांडी कुणी बोटाने खाली दाबली, की मी गर्रकन वळायचो आणि सुईच्या नेढ्यातून, म्हणजे त्या इवल्याशा भोकातून, मागून पुढे डोके काढायचो. पुढे दोरा आडवा धरलेला असायचा. त्याला मी मानेत अडकवायचो. दांडी सोडली की मी मागे सरायचो आणि दोऱ्यालाही नेढ्यातून ओढून घेऊन यायचो. झाले काम! माझी अट एकच होती. दांडी दाबताना सुई अगदी वर असली पाहिजे. ती जरा जरी खाली असली, तर नेढे जागेवर नसते आणि मी सुईच्या पोलादावर जाऊन आदळतो. ही अट तेवढी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबल, पांढरे दिवे आणि भिंगाखाली डोके घालून बसलेल्या बायका. त्यांतल्या एकीने मला चिमट्यात धरले, वळवले, घासले, पुन्हा भिंगाखाली नेले. माझ्या आधीचे कितीतरी आकडे तिने बाजूच्या डब्यात टाकून दिले होते. कुणाची मान आखूड, तर कुणाच्या अंगाला खरखर. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. तिने मला एका नेढ्यातून आतबाहेर करून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, गुणी आहे."

"गुणी असला तरी जपायला हवा," शेजारीण म्हणाली. "एकदा वाकला की गेला कामातून."

मित्रांनो, मला ऐकू आले ते फक्त 'गुणी'. दुसऱ्या वाक्याकडे मी चक्क कानाडोळा केला. तरुणपणी सगळ्यांचे असेच होत असावे.

मग मशीनमध्ये बसून, खोक्यात बंद होऊन, मी एका घरी आलो. घर कसले, रस्त्याला लागून असलेली दोन खोल्यांची जागा आणि वर राहायच्या खोल्या. पुढच्या खोलीत कापायचे मोठे टेबल, खिडकीपाशी मशीन, दोरीवर टाचण्या लावलेले अर्धेमुर्धे कपडे. जमिनीवर चिंध्या इतक्या, की खाली पडलेले बटण शोधायला संध्याकाळचा केर काढेपर्यंत वाट पाहावी लागायची. या खोलीत दोघी जावा शिवणकाम करत. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. थोरलीचे मालक वारलेले. तिची एकुलती एक लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात. धाकटी, तिचा नवरा आणि थोरली एवढीच माणसे घरात.

मला आणले ते त्या लेकीने. थोरलीचे डोळे अधू होत चालले होते. कापड जवळ धरले तरी टीप दिसायची नाही, सुई ओवणे तर सोडूनच द्या. लेकीने मोठ्या हौसेने खोके उघडले, मशीन टेबलावर ठेवले आणि आईचे बोट धरून माझ्या दांडीवर टेकवले.

"दाब बघू आई."

थोरलीने दाबली. मी जीव ओतून काम केले. दोरा नेढ्यातून पार! थोरलीने बोटांनी चाचपून पाहिले, तर सुईमागे दोऱ्याचा फास लोंबत होता. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटले, एवढ्यासाठीच आपण घडलो.

"आता सुई ओवायला रोज काकूला हाक मारायला नको," लेक म्हणाली.

तेव्हा दारात धाकटी उभी होती. हातात इस्त्री केलेले कपडे होते. तिने ते टेबलावर ठेवले आणि एक शब्दही न बोलता आतल्या खोलीत निघून गेली. मला ते खटकले. घरात नवी वस्तू आली, तर माणसे निदान 'बरी आहे' एवढे तरी म्हणतात.

त्याचा उलगडा मला काजवालीकडून झाला. काजवाली म्हणजे शिंप्यांकडे फिरून हाताने काजे करणारी, बटणे लावणारी एक बाई. हाताला विसावा नाही आणि तोंडाला तर त्याहून नाही. ती आली, माझे काम पाहिले आणि तोंडात बोट घालून म्हणाली, "अगं बाई, ही तर जादूच झाली! म्हणजे आता तुमच्या त्या टकटकीला सुट्टी म्हणायची."

थोरलीने मान खाली घातली आणि मशीन सुरू केले. मग काजवाली दारात बसून एका गिऱ्हाईक बाईला हळू आवाजात सगळे सांगू लागली. तिचा हळू आवाज म्हणजे रस्त्यापलीकडे जाईल असा, त्यामुळे मला तो सहज ऐकू आला.

गोष्ट अशी होती. जुन्या मशीनवर थोरलीला सुई ओवता यायची नाही. दोरा तुटला किंवा रीळ बदलायचे झाले, की ती कात्रीच्या मुठीने टेबलावर टक टक करायची. धाकटी हातातले टाकून यायची, थोरलीच्या खांद्यावरून वाकायची, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायची आणि ओवून द्यायची. धाकटीला शिवण शिकवली थोरलीनेच. सख्ख्या बहिणींचे पटणार नाही इतके दोघींचे पटायचे. शिवताना गप्पा, कापताना गप्पा, गिऱ्हाईक गेले की त्याच्या पोटाच्या मापावरून हसणे.

आणि मग मास्तरांचा कोट आला. शाळेतले मास्तर निवृत्त व्हायचे होते. निरोपाच्या समारंभासाठी त्यांनी गडद निळे, उंची कापड आणले होते. बायकोने मरण्यापूर्वी त्यांच्यासाठी घेऊन ठेवलेले. मास्तर अंगावर घालून बघायला आले आणि पाहतात तर काय, दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! शिंप्यांच्या घरी अशी चूक होते कधी कधी. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कापले, तर एक बाही उजवी निघते आणि एक डावी. ते राहिले, तर दोन्ही एकाच हाताच्या. तसले कापड पुन्हा मिळण्यातले नव्हते. मास्तरांनी विचारले, "हे कुणी कापलं?" थोरली म्हणाली, "धाकटीच्या हातून झालं. तिचं लक्ष नसतं हल्ली." मास्तर ते तुकडे घडी करून घेऊन गेले आणि समारंभाला जुनाच कोट घालून उभे राहिले.

"तेव्हापासून दोघींचा अबोला," काजवाली म्हणाली. "चूक धाकटीची, आणि रुसून पण धाकटीच बसलीय, बोला! पण एक आहे हं. टक टक झाली, की येऊन ओवून मात्र द्यायची. तोंडातून शब्द नाही, पण ओवायला यायचीच."

मला तेव्हा त्यातले काही उमगले नाही. मी आपला कौतुकात बुडालो होतो. थोरली आल्यागेल्याला मला दाखवायची. "बघा, डोळे मिटून ओवते," असे म्हणून खरेच डोळे मिटायची. गिऱ्हाईक बाया लहान मुलांना उचलून मशीनपाशी आणायच्या. पांढरा दोरा, काळा दोरा, सायीसारखा मऊ रेशमी दोरा, मी सगळे ओवले. माझ्यामुळे थोरलीची टीप पुन्हा भरभर पडू लागली, हे काही खोटे नाही. मी नाकाने कांदे सोलू लागलो होतो म्हणा ना.

पण धाकटीने आपले स्टूल आतल्या खोलीत नेले होते. जुने मशीन तिच्याकडे गेले. पूर्वी निदान एका खोलीत दोघींचे श्वास ऐकू यायचे, आता मध्ये भिंत होती. कापलेले कपडे एक टेबलावर ठेवायची, दुसरी ते उचलून न्यायची. प्रत्येक कापडाच्या उलट बाजूवर धाकटी खडूने फुली करून ठेवायची, म्हणजे थोरलीला बाजू ओळखता यावी. अबोल्यातही तिने ते सोडले नव्हते. थोरली कापायला बसली की आधी बोटांनी ती फुली शोधायची. सापडली की जरा वेळ बोट तिथेच ठेवायची.

हळूहळू माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी दोरा ओवून दिला, तरी थोरली लगेच शिवायला लागायची नाही. तिचा हात आपसूक कात्रीकडे जायचा, मूठ पकडायचा आणि मग कात्री खाली ठेवायचा. ती दाराकडे बघायची. दारात तिला दिसत नसणार काही, नुसता उजेड दिसत असेल. मग ती पायाने मशीन सुरू करायची. मित्रांनो, त्या वेळी माझ्या मनात प्रथम पाल चुकचुकली. या बाईला दिवसातून चारदा कुणीतरी खांद्यावर वाकायला लागत होते, आणि ते येण्याचे कारणच मी काढून घेतले होते. पण यंत्राने काय करावे? दांडी दाबली की त्याने वळावे, एवढेच त्याच्या हाती.

एके दिवशी दुपारी धाकटीचा नवरा पुढच्या खोलीत आला. भला माणूस, पण बोलताना जमिनीकडे बघणारा. "वहिनी," तो म्हणाला, "आम्ही जरा पलीकडच्या भागात खोली बघितलीय. हिला तिकडे तयार कपड्यांच्या दुकानात काम मिळतंय. उंची कमी करायची, कंबर आत घ्यायची, असलं. तुम्हाला आता मशीन आहे चांगलं. तुमचं काही अडणार नाही."

"नाही, माझं काय अडतंय," थोरली म्हणाली.

तो गेल्यावर तिने शिवत असलेला सदरा तसाच सुईखाली सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली. धाकटी गेली, की या दोघींचा अबोला कायमचा होणार, हे तारेच्या तुकड्यालाही कळत होते.

जायचा दिवस उजाडला. आतल्या खोलीतून दोऱ्या आवळल्याचे, डबे बंद केल्याचे आवाज येत होते. थोरली रोजच्यासारखी येऊन मशीनपाशी बसली. सुईत दोरा नव्हता. तिने रीळ लावले, दोरा खाली आणला, माझ्या पुढ्यात आडवा धरला. सुई वर होती. सगळे जिथल्या तिथे होते. मी वळायला तयार झालो.

आणि तिने उजवा हात चाकावर ठेवला आणि चाक फिरवले. सुई खाली येऊ लागली. अर्ध्यावर आल्यावर तिने चाक थांबवले. मला वाटले, विसरली बिचारी, आता वर करील. तिने वर केली नाही. तिने बोट माझ्या दांडीवर ठेवले आणि सारा जोर लावून दाबले.

मी सुईवर आदळलो. नेढे तिथे नव्हतेच. मान मुडपली, अंग वाकडे झाले. तिने आणखी एकदा दाबले, म्हणजे शंकाच उरायला नको. मला राग आला, मित्रांनो. खरेच सांगतो, असा राग आला! ज्या हाताने मला मिरवले त्याच हाताने मला मोडावे? मी कधी काम चुकवले होते? पण माझा राग पुरता व्हायच्या आत तिने कात्री उचलली आणि मुठीने टेबलावर आवाज केला.

टक टक.

आतली बांधाबांध थांबली. पण कुणी आले नाही. थोरलीने पुन्हा कात्री आपटली.

धाकटी दारात आली. कपाळावर घाम, हातात सुतळीचा तुकडा. "त्याला काय झालं?" तिने माझ्या दांडीकडे बघत विचारले. कोटाच्या दिवसापासून ती थोरलीशी बोललेले हे पहिले वाक्य.

"वाकलं."

"कसं काय वाकलं?"

"वाकलं गं. ओवून दे एवढं."

धाकटीने चाक फिरवून सुई वर घेतली, पूर्वीसारखी खांद्यावरून वाकली, दोऱ्याचे टोक ओठांत धरले. दोरा नेढ्याच्या शेजारून निसटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

"बाह्या मी कापल्या होत्या," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात जागच्या जागी थांबला.

"तू अस्तर आणायला गेली होतीस. मला धीर निघाला नाही. कापडावर खडूची फुली नव्हती, आणि मला उलट-सुलट काही दिसलं नाही. मास्तरांनी विचारलं आणि तुझं नाव तोंडातून निघून गेलं. निघालं ते निघालं, पण मी ते परत घेतलं नाही. वाटलं, माझे डोळे गेले हे बाहेर कळलं, तर या खोलीत कापड घेऊन कोण येणार?"

"मला ठाऊक होतं, ताई," धाकटी म्हणाली. "परत आले तर कापड कापलेलं होतं. मला कळणार नाही होय?"

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मास्तरांसमोर? तुमच्या डोळ्यांचं चारचौघांत सांगू?" धाकटी म्हणाली. "मास्तरांसमोर माझं नाव घेतलंत, त्याचा नाही हो एवढा राग. पण रोज सकाळी मी इथे वाकायचे. रोज वाटायचं, आज म्हणाल. तुमच्या तोंडाशी माझा कान असायचा, ताई. दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा गेलं नसतं."

थोरलीने तिचा हात धरला. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. "फार चुकलं."

मग दोघीही रडल्या. आवाज न करता, शिवण शिवावी तशा बराच वेळ. शेवटी धाकटीने पदराने डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाली, "मान जरा बाजूला घ्या बघू. उजेड अडवताय." थोरलीने मान बाजूला घेतली, आणि दोरा एका दमात नेढ्यातून गेला. मी शेजारी वाकडा होऊन बघत होतो. इतक्या सुया मी ओवल्या, पण एकदाही माझ्या ओवण्याने कुणाच्या डोळ्यांना असे पाणी आले नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

तुम्हाला वाटेल, धाकटी राहिली असेल. नाही, ती गेली. खोली ठरली होती, दुकानातले काम ठरले होते. पण दुकानात जाताना ती रोज सकाळी वाकडी वाट करून इथे येऊ लागली. चप्पल दारात काढायची, कापडांवर खडूच्या फुल्या करायची, सुई ओवून द्यायची, घडीभर बोलायची आणि धावत सुटायची. थोरली मास्तरांकडेही जाऊन आली. काठी टेकत, काजवालीला बरोबर घेऊन. काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून काजवालीने कोटाची गोष्ट सांगायची बंद केली. तिच्यासाठी हे किती अवघड असेल, ते तिलाच ठाऊक.

पुढे एकदा मशीनला तेल द्यायला मेकॅनिक आला. त्याने झाकण काढले, दिवा धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा आकडा कुणी वाकवला? सुई खाली असताना दांडी दाबलीत का?"

"हो," थोरली म्हणाली.

"अहो, जन्म शिवण्यात गेला तुमचा, आणि एवढं माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की."

मेकॅनिकने आपली पेटी उघडली. "बरं, नवा आहे माझ्याकडे. लगेच बसवून देतो."

"नको. राहू दे."

"अहो, मग सुई ओवणार कशी?"

"माणूस येतं माझ्याकडे," थोरली म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा पहिल्या दिवशीसारखा उजळला होता. फक्त या वेळी तो माझ्यामुळे नव्हता.

तेव्हापासून मी असाच आहे. झाकणाआड धूळ साचते, दोऱ्यांचे तूस माझ्या मानेत अडकते, दांडीला कुणी हात लावत नाही. मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला मात्र जपा. दांडी दाबण्यापूर्वी सुई वर आहे ना, एवढे बघा. त्याच्या मानेतले तूस अधूनमधून काढा. तो तुमचे डोळे वाचवील आणि वेळही वाचवील. पण घरातल्या कुणी थकल्या माणसाने सुई आणि दोरा तुमच्यापुढे धरला, तर 'यंत्र आहे की' असे म्हणू नका. हातातले ठेवा आणि उठा. कुणी सांगावे, त्याला सुई ओवून हवी असते की तुमचा कान जवळ हवा असतो.

आता थोरलीला अजिबात दिसत नाही. शिवणे कधीच सुटले. तरी ती रोज सकाळी मशीनपाशी येऊन बसते, आणि दारात चपलेचा आवाज आला, की कात्री उचलून टक टक करते. केस पिकलेली धाकटी येते, वाकते आणि म्हणते, "अहो ताई, काल तर ओवला होता मी."

"निघाला असेल गं," थोरली म्हणते.

निघत बिघत काही नाही. मी शेजारीच असतो, मला सगळे दिसते. रोज संध्याकाळी थोरली चाचपडत मशीनपाशी येते, दोऱ्याचे टोक शोधते आणि हलक्या हाताने ते नेढ्यातून काढून ठेवते.